आपल्याकडे जे चालतं, ते इंग्रजीत धावतं

माझ्या पुतणीने तीन वर्षांपूर्वी गुहागरजवळच्या आमच्या वाडीत होमस्टे सुरू केला. दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं खळं, मागे नारळी-पोफळी. पहिल्याच हंगामात बंगळूरच्या एका कुटुंबाचा मेसेज आला, ‘डू यू हॅव रनिंग वॉटर?’ तिने मनात शब्दाला शब्द लावला. रनिंग म्हणजे धावणारं, वॉटर म्हणजे पाणी. धावणारं पाणी म्हणजे घरामागचा पऱ्या, पावसाळी ओढा. तो जूनमध्ये सुरू होतो आणि दिवाळीनंतर आटतो. तिने प्रामाणिकपणे कळवलं, ‘ओन्ली इन रेनी सीझन.’ त्या लोकांनी बुकिंग रद्द केलं. वास्तविक तिच्या छपरावर टाकी आहे, दोन्ही न्हाणीघरांत नळ आहेत आणि विहीर मे महिन्यातही तळ दाखवत नाही. संध्याकाळी फोन घेऊन ती माझ्याकडे आली. ‘काकू, मी खरं तेच लिहिलं ना? मग काय बिघडलं?’

ती आठवीला माझ्याच वर्गात होती. ‘रन म्हणजे धावणे’ हे फळ्यावर मीच लिहिलं होतं, आणि अठ्ठावीस वर्षं तेवढंच लिहीत आले होते. ते माझ्या मनाला फार लागलं. त्या दिवसापासून मी या एका शब्दाची वही घातली. वर्तमानपत्रात, रेल्वेच्या पाटीवर, पाहुण्यांच्या बोलण्यात ‘रन’ दिसला की वाक्य उतरवून घ्यायचं आणि समोर आपलं मराठी लिहायचं. होमस्टे चालवणाऱ्या, बोटीवर नोकरीला जाणाऱ्या, बारावीनंतर मुंबईला निघालेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना उपयोगी पडेल म्हणून त्या वहीतलं इथे मांडते आहे.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी या मोठ्या कोशात एकट्या क्रियापदाच्या रूपातले ‘रन’चे 645 अर्थ नोंदवले आहेत. पूर्वी हा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता. 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे 430 अर्थ होते. ‘रन’ची नोंद नव्याने लिहायला कोशाच्या संपादकाला नऊ महिने लागले. हा आकडा ऐकून कुणी हात टेकू नये, कारण 645 अर्थ पाठ करायचेच नाहीत. आपल्या ‘लागणे’चंच पाहा. भूक लागते, ठेच लागते, दिवे लागतात, नोकरी लागते, झाडाला आंबे लागतात. होडी धक्क्याला लागते आणि होडीत बसलेल्याला बोट लागते. हे सगळे अर्थ आपल्याला कुणी पाठ करायला लावले नाहीत. काय लागतंय आणि कुणाला लागतंय एवढं पाहिलं की अर्थ आपोआप उमगतो. ‘रन’चंही तसंच आहे. शब्दाकडे बघत बसू नका, आधी विचारा: धावतंय कोण?

पाय असलेला माणूस किंवा जनावर धावत असेल तर अर्थ ‘धावणे’च. त्यात शिकवण्यासारखं काही नाही.

धावणारी वस्तू पातळ असेल, तर मराठीत ती वाहते. नदी वाहते, ‘द रिव्हर रन्स’. नाक वाहतं, ‘माय नोज इज रनिंग’. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मुळाशी ‘वाहणे’ हा अर्थ होताच, तेव्हा पाण्याचं धावणं हे काही मागाहून चिकटवलेलं नाही. नळ उघडा राहिला तर ‘द टॅप इज रनिंग’. घरात नळाला येणारं पाणी ते ‘रनिंग वॉटर’. पाहुण्याला पऱ्याची चौकशी करायची नव्हती. बादलीने पाणी ओढून आंघोळ करावी लागेल की नळ आहे, एवढंच त्याला हवं होतं. कपड्याचा रंग जातो तेव्हाही इंग्रजीत रंग धावतो. ‘द कलर्स विल रन’ असं लेबलवर दिसलं तर ती ओढणी पांढऱ्या चादरींबरोबर भिजवू नका.

यंत्र असेल, तर आपल्याकडे ते चालतं. पंप चालतो, घड्याळ चालतं, मोबाइलवर ॲप चालतं. इंग्रजीत ही सगळी धावतात. दुकान चालतं, खानावळ चालते, शाळा चालते. तिथेही ‘रन’. ‘चालणे’चा अर्थ विचारला की मुलं ‘वॉक’ सांगतात, पण यातल्या कशालाच ‘वॉक’ लागत नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर म्हणून एकच ओळ आहे: आपल्याकडे जे चालतं, ते इंग्रजीत धावतं. पुतणीने स्वतःची ओळख करून द्यायची तर ‘आय रन अ होमस्टे’. तिथे ‘माय होमस्टे इज देअर’ किंवा ‘आय ॲम डूइंग होमस्टे’ असं चाचपडायची गरज नाही. चार शब्दांत कळतं की धंदा तिचा आहे आणि तो चालवते तीच. ते वाक्य ती पहिल्यांदा पाहुण्यांसमोर बोलली तेव्हा मी ओटीवर बसले होते. तिची मान ताठ झालेली मी पाहिली.

आता गाड्या. एसटी आणि रेल्वे मराठी वर्तमानपत्रातही ‘धावतात’, त्यामुळे अर्थ अडत नाही. घोटाळा होतो तो काळाचा. रोजचा नेम सांगायचा असेल तर ‘रन्स’. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये फेरीबोट चालते: ‘अ फेरी रन्स बिट्वीन दाभोळ अँड धोपावे.’ आज, आत्ता काय चाललंय हे सांगायचं असेल तर ‘इज रनिंग’. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या वेग कमी करून जातात. त्यातून उशीर झाला की ‘द ट्रेन इज रनिंग लेट’. मोबाइलवर आपण सगळेच ‘रनिंग स्टेटस’ बघतो. तो हाच शब्द, गाडी या क्षणी कुठे आहे ते सांगणारा. गणपतीत जादा गाड्या सोडतात, त्याला ‘दे रन एक्स्ट्रा ट्रेन्स फॉर गणपती’. इथे गाडी स्वतः धावत नाही, रेल्वेवाले ती धाववतात. ‘धावणे’ आणि ‘धाववणे’ दोन्हींना इंग्रजीत एकच रूप आहे हे ध्यानात ठेवा.

जे जागचं हलत नाही तेही इंग्रजीत धावतं. सह्याद्री किनाऱ्याला समांतर धावतो. 1998मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेली कोकण रेल्वेची वाट रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत धावते. आपण म्हणतो रस्ता ‘जातो’, डोंगररांग ‘पसरली आहे’. पाहुण्याला वाट दाखवताना ‘द रोड गोज’ म्हटलंत तरी चालेल, पण वाचताना ‘अ वॉल रन्स अलाँग द बीच’ आलं तर भिंत पळाली असं वाटून घेऊ नका. किनाऱ्याला लागून भिंत आहे, इतकाच अर्थ. आणि हे आपल्याला तसं नवीनही नाही. गडगा घालणारा गवंडी भाव सांगतो तो ‘रनिंग फुटा’चा. उंची ठरलेली असते, चिऱ्याचा गडगा लांबीला किती जाईल ते मोजायचं. भिंत धावते हे आपल्या गवंड्याला शाळेशिवायच कळलेलं आहे.

तसाच एक शब्द माझ्या आईच्या हातचा. ती पावसाळ्यात जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची. सुई कापडात घालायची, बाहेर काढायची, पुन्हा घालायची. चार-पाच टाके सुईवर गोळा झाले की दोरा एकदम ओढायचा. त्या टाक्याला आपण धावदोरा म्हणतो आणि इंग्रजीत तो ‘रनिंग स्टिच’. दोन्हीकडे दोरा धावतोच. न थांबता, एका रेषेत, पुढे पुढे जाणं हे ‘रन’चं खरं चित्र मला त्या सुईत दिसतं. पाणी, गाडी, रस्ता, धंदा, सगळ्यांत तेच आहे. म्हणून सलग चार दिवस पाऊस लागला तर ‘इट रेन्ड फॉर फोर डेज रनिंग’. ‘धावतं समालोचन’ हेही ‘रनिंग कॉमेंट्री’च.

इथवर सोपं होतं. ‘रन’च्या मागे जेव्हा दुसरा छोटा शब्द येऊन बसतो तेव्हा अर्थ पालटतो, आणि सगळ्यांत जास्त गोंधळ ‘रन आउट’चा.

क्रिकेटमधला रन आउट शेंबड्या पोराला माहीत आहे. मराठीत आपण त्याला धावचीत म्हणतो. तो बाजूला ठेवा. स्वयंपाकघरात ‘रन आउट’ म्हणजे संपणे. पाहुणे दुपारी दोनला जेवायला बसले आणि सोलकढी संपली, तर मराठीत संपते ती सोलकढी. तसंच इंग्रजीत म्हणता येतं, ‘द सोलकढी हॅज रन आउट.’ पण तिथली जास्त रुळलेली बोली वेगळी आहे. माणूस पुढे येतो आणि ‘ऑफ’ जोडला जातो: ‘वी हॅव रन आउट ऑफ सोलकढी.’ हे ‘ऑफ’ विसरायचं नाही. ते गळलं आणि ‘वी हॅव रन आउट’ एवढंच म्हटलंत, तर ऐकणारा विचारेल, काय संपलं? इथेच रूपाचीही चूक होते. काल संपली तर ‘रॅन आउट’, पण ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आलं की पुन्हा ‘रन’. ‘हॅव रॅन’ हे मी उत्तरपत्रिकांत शेकडो वेळा लाल शाईने खोडलं आहे.

तिसरा ‘रन आउट’ समुद्राचा, आणि तो मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ओहोटी लागली की पाणी बाहेर जातं: ‘द टाइड इज रनिंग आउट.’ खाडीच्या तोंडाशी त्या वेळी पाण्याला केवढी ओढ असते हे आपल्या पोरांना कळतं. बाहेरून आलेल्यांना वरून पाणी शांत दिसतं. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहिलात तर पायाखालची वाळू सरकते, टाचा खाली जातात, आणि गुडघ्याला पाणी लागलं की ते माणसाला हळूच बाहेर चालवत नेतं. अशा वेळी किनाऱ्यावरून ‘नो, नो, डेंजर’ ओरडलं तर लोक हसून हात हलवतात. का जाऊ नये ते सांगितलं तर ऐकतात, हा माझ्या पुतणीचा अनुभव आहे. दोन वाक्यं तोंडात बसवा: ‘द टाइड इज रनिंग आउट. द करंट रन्स व्हेरी स्ट्राँग हिअर, प्लीज कम बॅक.’ किनाऱ्यालगत राहणाऱ्या प्रत्येक घरात ही दोन वाक्यं सगळ्यांना पाठ असावीत असं मला मनापासून वाटतं.

समुद्राचंच आणखी एक. जहाज किंवा होडी वाळूत, खडकावर रुतून बसली तर ‘रन अग्राउंड’. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटत रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन आदळलं आणि तिथेच रुतलं. पुढे कैक महिने लोक ते बघायला जात होते. इंग्रजी बातमीत होतं ते हेच, ‘रॅन अग्राउंड’. माझा भाचा बोटीवरच्या नोकरीची तयारी करत होता तेव्हा मी त्याच्याकडून हे घटवून घेतलं. ‘रनिंग लाइट्स’ त्याने मला शिकवले. रात्री चालत्या जहाजावर लावायचे दिवे, डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा.

बाकीचे जोडशब्द भराभर सांगते, कारण प्रत्येकाला आपल्याकडे नेमका वाक्प्रचार तयार आहे. ‘रन इंटू’ म्हणजे अचानक गाठ पडणे, आणि गाडीच्या बाबतीत जाऊन आदळणे. ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून गाडी जाणे. सभा वेळेबाहेर लांबली तरी ‘द मीटिंग रॅन ओव्हर’. ‘रन शॉर्ट’ म्हणजे कमी पडणे. ‘रन अप अ बिल’ म्हणजे दुकानात उधारी चढवणे. ‘रन थ्रू’ म्हणजे एकदा वरून नजर फिरवणे किंवा तालीम करणे, शिमग्याआधी नमन या लोकनाट्यातली पोरं रात्री देवळासमोर करतात तशी. ‘रन्स इन द फॅमिली’ म्हणजे घराण्यातच आहे. कुणाचा गळा गोड असेल, आणि आईचा, आजीचाही तसाच असेल, तिथे हे वापरावं. ‘इन द लाँग रन’ म्हणजे पुढचा विचार करता. माझा आवडता आहे ‘रन इट बाय समवन’. पाहुण्याने भाड्यात सूट मागितली आणि घरात विचारल्याशिवाय हो म्हणायचं नसेल, तर ‘लेट मी रन इट बाय माय फादर’. आपण म्हणतो, बाबांच्या कानावर घालते. परवानगी मागणं नाही आणि नुसतं कळवणंही नाही, अगदी कानावर घालण्याइतकंच.

निवडणुकीचा शब्द मजेशीर आहे. आपल्याकडे उमेदवार उभा राहतो. ब्रिटिश इंग्रजीतही तो उभाच राहतो, ‘स्टँड फॉर इलेक्शन’. अमेरिकेत मात्र तो धावतो, ‘रन फॉर इलेक्शन’. आपली इंग्रजी वर्तमानपत्रं बहुतेक ‘कॉन्टेस्ट’ लिहितात, तेव्हा ग्रामपंचायतीच्या बातमीत ‘रन’ शोधू नका.

होमस्टेवाल्यांनी आजारपणाचे दोन प्रयोग नक्की लक्षात ठेवावेत. ‘माय सन इज रनिंग अ टेम्परेचर’ म्हणजे मुलाला ताप आहे. आणि ‘ही हॅज द रन्स’ म्हणजे जुलाब होताहेत. इथे क्रिकेटच्या धावा मनात आल्या तर वेळ जाईल. मीठ-साखरेचं पाणी द्या आणि डॉक्टरांना फोन लावा. तिसरा प्रयोग निघायच्या दिवशीचा: ‘कुड यू रन अस टू द स्टेशन?’ ते तुम्हाला पळायला सांगत नाहीत. चिपळूणला गाडीने सोडाल का, असं विचारतात.

आता ‘रन’ कुठे घालायचा नाही ते. ‘चालतं’ला ‘रन’ म्हणा असं मी वर सांगितलं, पण ‘चालेल’ला नाही. पाहुण्याने विचारलं, नाश्त्याला पोह्यांऐवजी घावन दिले तर? आणि त्याला चालणार असेल, तर तो ‘इट विल रन’ म्हणत नाही, ‘दॅट्स फाइन’ किंवा ‘दॅट विल डू’ म्हणतो. हे ‘चालेल’ संमतीचं आहे, त्यात काही पुढे सरकत नाही. वयाचंही तसंच. मुलाखतीला गेलेली आपली मुलं ‘आय ॲम ट्वेंटी वन रनिंग’ सांगतात, कारण घरात आपण ‘एकविसावं चालू आहे’ म्हणतो. इंग्रजीत पूर्ण झालेलं वय सांगतात, म्हणजे वीस: ‘आय ॲम ट्वेंटी.’ आणि ‘मदतीला धावून आला’ याला ‘ही केम टू हेल्प’ पुरतं. धावण्याची तातडी आपल्या मराठीत आहे, ती तिथे शब्दाने ओढून नेऊ नका.

सराव असा करा. शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर दिवसभरात स्वतः बोललेली ‘चालणे’, ‘वाहणे’, ‘संपणे’ यांची वाक्यं लिहा, तुमच्या घरातली, पुस्तकातली नकोत. ‘पंप चालत नाहीये.’ ‘गॅस संपला.’ ‘पहाटेची एसटी रविवारी नसते.’ उजव्या पानावर त्याच ओळीला ‘रन’ वापरून इंग्रजी वाक्य लिहा आणि मोठ्याने म्हणा. ‘द पंप इजंट रनिंग.’ ‘वी हॅव रन आउट ऑफ गॅस.’ ‘द अर्ली बस डझंट रन ऑन संडेज.’ रोज तीन वाक्यं पुरेत. पंधरा दिवसांनी डावं पान झाकून उजवं वाचा आणि मराठी आठवा. ज्या ओळीला अडखळाल तिथे खूण करा, आणि ‘धावतंय कोण?’ हा प्रश्न तिथे पुन्हा विचारा. माझ्या पुतणीची वही आता निम्मी भरली आहे. कव्हरला हळदीचे डाग आहेत, कारण ती स्वयंपाकघरातच मांडणीवर ठेवलेली असते.

गेल्या महिन्यात तिला पुन्हा तोच प्रश्न आला, या वेळी हैदराबादहून. तिने मला न विचारता उत्तर पाठवलं आणि मग दाखवायला आली. ‘येस, रनिंग वॉटर इन बोथ बाथरूम्स. व्हेन द पॉवर गोज, द पंप डझंट रन, सो वी कीप द टँक फुल. अ स्ट्रीम ऑल्सो रन्स बिहाइंड द हाउस, बट ओन्ली इन द रेन्स.’ पऱ्या तिने सोडला नव्हता. ते लोक ऑगस्टमध्ये यायचे आहेत, पऱ्या बघायलाच.